इम्प्लांटआधी ‘हाड भरावं लागेल’ असं सांगितलंय? मग हे क्रमाने वाचा

तुम्ही इम्प्लांटची, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूची, चौकशी करायला गेलात, डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, “हाड कमी आहे, आधी ग्राफ्ट करावं लागेल.” ग्राफ्ट म्हणजे कमी पडलेल्या जागी हाड किंवा हाडासारखे दाणे भरणं. मग मेम्ब्रेन, सायनस लिफ्ट, पीआरएफ असे शब्दही कानावर पडायला लागतात. खर्च वाढतो, तारीख काही महिने पुढे जाते आणि नेमकं काय करणार आहेत ते घरच्यांना धड सांगता येत नाही. मी खालच्या दाढेसाठी या सगळ्यातून गेले आहे आणि माझ्या आईचं वरच्या दाढेचं सायनस लिफ्ट झालं आहे. दोन्ही वेळा जे कळलं ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधं आणि त्यांचे डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं, एवढं मात्र मी सांगू शकते.

इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, याची चर्चा सगळेच करतात. पण ते टिकतं भोवतीच्या हाडाच्या आणि हिरडीच्या जोरावर. तुमची चौकशी तिथे खर्च करा.

१. दात अजून काढला नसेल तर आधी थांबा

दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की शरीर ते काढून घ्यायला लागतं. गालाच्या बाजूची भिंत सगळ्यांत आधी झिजते, कारण ती मुळातच पातळ असते. पुढच्या दातांपाशी तर बहुतेकांची १ मिलिमीटरपेक्षाही कमी. शिवाय मुळाभोवतीच्या ज्या अस्तरातून तिला रक्त मिळतं, ते अस्तर दाताबरोबरच निघून जातं. पहिल्या वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांतच होते.

आता हिशोब बघा. इम्प्लांट ४ मिलिमीटर जाडीचं असेल तर त्याच्या आतल्या बाजूला निदान १ आणि बाहेरच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर हाड हवं. म्हणजे एकूण रुंदी ६ ते ७ मिलिमीटर. दात काढून वर्षं लोटली असतील तर एवढी रुंदी अनेकांकडे उरत नाही. पायोरियामुळे दात हलून गेला असेल तर हाड त्याआधीपासूनच खाल्लं गेलेलं असतं. वरच्या दाढांच्या जागी आणखी एक भर पडते: हाडाच्या वर असलेली सायनसची, म्हणजे नाकाशेजारच्या हवेची, पोकळी दात गेल्यावर खाली पसरत येते.

म्हणून दात काढायचं ठरलं असेल आणि पुढे तिथे इम्प्लांट करायचा विचार असेल, तर दात काढण्याआधीच विचारा: “सॉकेट प्रिझर्व्हेशन करता येईल का?” यात दात काढल्यावर राहिलेल्या खड्ड्यात त्याच बैठकीत ग्राफ्टचे दाणे भरतात, वर कोलॅजनचा तुकडा किंवा मेम्ब्रेन (पातळ पडदा) ठेवतात आणि टाके घालतात. झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते, आणि पुढचं मोठं ग्राफ्ट टळण्याची शक्यता वाढते. जागेवर पू असेल, भिंत आधीच गेलेली असेल, तर डॉक्टर काही आठवडे थांबून मग हाडाचं काम करायचं ठरवतील. तेही योग्यच. फक्त हा प्रश्न दात हातात आल्यानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

२. ओपीजीवर भागवू नका, सीबीसीटी करा

ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट फोटो. त्यात हाडाची उंची कळते, रुंदी कळत नाही. रुंदीसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. स्कॅन सेंटरवर पोहोचण्याआधी डॉक्टरांकडून नेमका कुठला भाग हवा ते लिहून घ्या. एकाच दाताचा प्रश्न असेल तर तेवढाच भाग स्कॅन होतो, किरणंही कमी लागतात आणि पैसेही. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा.

सेंटरवरून फक्त छापलेली फिल्म घेऊन परतू नका. मूळ फाइल्स, ज्यांना ‘डायकॉम’ म्हणतात, त्या सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकवर मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर हीच फाइल लागते, फिल्मवरून कोणी नीट मोजमाप करू शकत नाही.

मग डॉक्टरांसमोर बसून तीन आकडे वहीत लिहून घ्या: हाडाची रुंदी, हाडाची उंची, आणि खालच्या जबड्यात नसेपासूनचं किंवा वरच्या जबड्यात सायनसपासूनचं अंतर. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस खालच्या दाढांच्या मुळांखालून जाते आणि इम्प्लांटचं टोक तिच्यापासून निदान २ मिलिमीटर दूर राहिलं पाहिजे. हे तीन आकडे समोर असले की ग्राफ्ट का हवं ते तुम्हाला स्वतःला दिसतं.

३. डॉक्टर निवडताना

आपल्याकडे इम्प्लांट हा एमडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा, स्वतंत्र विषय नाही. हिरड्यांचे तज्ज्ञ, तोंडाच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ आणि कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, असे तिघेही हे काम करतात, आणि अनुभवी बीडीएस (पदवीधर) डॉक्टरही करतात. त्यामुळे पाटीवरच्या ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ या शब्दावरून फार काही ठरत नाही. हाड भरण्याचं काम कोण करणार, टोपी, म्हणजे इम्प्लांटवरचा दिसणारा दात, कोण बसवणार, आणि मधल्या महिन्यांत काही झालं तर फोन कोणाला करायचा, हे विचारा. राज्याच्या दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यातही काही गैर नाही.

खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे चौकशी करा. खेपा जास्त होतात, रांग असते. पण वरिष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होतं. ग्राफ्टचं आणि इम्प्लांटचं साहित्य बाहेरून आणावं लागेल का, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

‘आज दात काढा, तीन दिवसांत नवा दात’ अशी जाहिरात दिसली तर लगेच भुलू नका आणि लगेच खोटीही ठरवू नका. दात काढल्या बैठकीतच इम्प्लांट बसवणं शक्य असतं, पण त्यासाठी बाहेरची भिंत शाबूत हवी आणि इम्प्लांटला पहिल्याच दिवशी घट्ट पकड मिळायला हवी. “माझी भिंत शाबूत आहे का, स्कॅनमध्ये दाखवता का?” एवढंच विचारा.

आणि उलटा प्रश्नही विचारा: ग्राफ्ट टाळता येईल का? आखूड किंवा अरुंद इम्प्लांट, शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला ब्रिज, काढता-घालता येणारी कवळी हे पर्याय प्रत्येकाला लागू पडतात असं नाही, पण ते का लागू पडत नाहीत हे कळायला हवं.

४. शस्त्रक्रियेआधीची तयारी

तंबाखूचं आधी बोलू. बिडी-सिगारेटने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रक्तच पोहोचत नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ग्राफ्ट आणि इम्प्लांट फसण्याचं प्रमाण जास्त असतं. आपल्याकडच्या अनेक बायका मशेरी लावतात आणि “मी तंबाखू खात नाही” असं अगदी मनापासून सांगतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. आई-मावशी-सासूबाईंना घेऊन जात असाल तर डॉक्टरांना हे तुम्हीच सांगा. गुटखा-सुपारीमुळे तोंड कमी उघडत असेल तर तेही सांगा, कारण मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचायलाच जागा लागते.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तपासून घ्या. ७ च्या आसपास असेल तर डॉक्टर सहसा पुढे जातात. फार वर असेल तर साखर आटोक्यात येईपर्यंत थांबणं हेच शहाणपणाचं.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दंतवैद्य आणि तुमचे हृदयाचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा.

आता सगळ्यांत जास्त निसटणारी गोष्ट. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, वर्षातून एकदा दिलेलं सलाइन, किंवा सहा महिन्यांनी घेतलेलं इंजेक्शन. आलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब अशी त्यांची नावं असतात. रोजची गोळी नसल्यामुळे ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला उत्तर देताना ती आठवतच नाहीत. पण या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडण्याचा धोका असतो. कर्करोगाच्या उपचारात यांचे मोठे डोस देतात, तिथे धोका आणखी वाढतो. जुन्या फायली चाळा आणि नावं लिहून न्या.

सोबत न्यायचं:

- सीबीसीटीच्या फाइल्स आणि जुने एक्सरे
- चालू आणि गेल्या काही वर्षांतल्या औषधांची यादी, ॲलर्जीसह
- एचबीए१सी आणि रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट
- हृदयरोग किंवा इतर मोठा आजार असल्यास त्या डॉक्टरांची चिठ्ठी
- ओळखपत्र आणि सोबत घरचं एक माणूस

दातांची सफाई आणि हिरड्यांचे उपचार शस्त्रक्रियेच्या आधीच पूर्ण करून घ्या. शेजारच्या दातांवर किटण असताना नवं हाड भरणं म्हणजे जंतूंना आयती जागा देणं.

५. ग्राफ्ट कशाचं आहे, ते नाव घेऊन विचारा

या प्रश्नाला लोक संकोचतात, आणि हा सगळ्यांत गरजेचा प्रश्न आहे. ग्राफ्ट चार प्रकारचं असतं.

स्वतःचं हाड: हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागच्या भागातून काढतात. त्यात जिवंत पेशी असतात, ही मोठीच जमेची बाजू. पण दुसरी जखम होते आणि हे हाड काहीसं लवकर विरघळतं.

दात्याचं हाड: दुसऱ्या माणसाचं, प्रक्रिया केलेलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून या क्षेत्रात आहे. तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड आपल्याकडे अनेक दंतवैद्य वापरतात.

प्राण्याचं हाड: बहुधा गाईचं. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज सांगाडा ठेवलेला असतो. स्वित्झर्लंडचं बायो-ऑस हे यातलं प्रसिद्ध नाव. हे फार हळू विरघळतं, वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे भरलेला आकार टिकतो.

कृत्रिम: हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोॲक्टिव्ह काच. यात प्राण्याचं काहीच नसतं.

मेम्ब्रेनबद्दलही हाच प्रश्न विचारा. कोलॅजनची बरीच मेम्ब्रेन डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासून बनतात. तुमच्या श्रद्धेला, आहाराला किंवा मनाला हे चालणार नसेल तर ते संमतिपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट सांगा. पर्याय असतात, आणि चांगले डॉक्टर यावर अजिबात नाराज होत नाहीत. माझ्या आईने कृत्रिम ग्राफ्टच हवं असं सांगितलं आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे योजना बदलली.

मेम्ब्रेन लागतंच कशाला? हिरडी झपाट्याने वाढते, हाड संथपणे. मोकळी जागा सोडली तर हाडाच्या आधी हिरडीच आत शिरून ती व्यापून टाकते. नव्या पेरणीत गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण घालतात, तसं हे मेम्ब्रेन हिरडीला बाहेर रोखतं आणि हाडाला त्याचा वेळ मिळवून देतं. कोलॅजनचं आपोआप विरघळतं. टेफ्लॉनच्या जातीचं किंवा टायटॅनियमची जाळी असेल तर ती नंतर काढावी लागते, म्हणजे आणखी एक बैठक.

पीआरएफ म्हणजे तुमच्याच रक्तातून केलेलं जेल. २००१ च्या सुमारास फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी ही पद्धत आणली. हिरडीची जखम भरायला ते मदत करतं. पण केवळ पीआरएफवर भरपूर हाड वाढेल असं कोणी सांगत असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

६. शस्त्रक्रियेच्या खुर्चीत

बहुतेक वेळा जागा बधिर करण्याची भूलच पुरते. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलं नसेल तर खाऊन जा. पीआरएफ करणार असतील तर आधी हाताच्या शिरेतून रक्त घेतात आणि नळ्या लगेच छोट्या यंत्रात फिरवायला लावतात. त्या बाहेर आल्या की बघायला मागा: तळाशी लाल पेशी, वर गवती रंगाचं पाणी आणि मध्ये पिवळसर, लवचीक गोळा. तो चिमट्याने उचलून चपटा करतात आणि त्याचा पडदा होतो. ग्राफ्ट छोट्या काचेच्या बाटलीत येतं, पांढरे रवाळ दाणे असतात. ते वाटीत सलाइनमध्ये किंवा रक्तात भिजवले की ओल्या वाळूगत एकमेकांना धरून राहतात, मग चमच्याने थोडे थोडे जागेवर बसवतात.

दुखत नाही, पण ओढल्याचं, दाबल्याचं कळतं. वरच्या जबड्यात हातोडीचे हलके ठोके बसतात, डोक्यात आवाज घुमतो. घाबरू नका.

सायनस लिफ्ट दोन प्रकारचं असतं. पोकळीखाली साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त हाड उरलं असेल तर इम्प्लांटच्याच छिद्रातून तळ वर उचलून बहुधा त्याच बैठकीत इम्प्लांटही बसतं. हाड फारच कमी असेल तर बाजूने छोटी खिडकी करून, आतलं नाजूक अस्तर उचलून, खाली ग्राफ्ट भरतात. ते अस्तर फाटलं तर डॉक्टर ते मेम्ब्रेनने झाकतात किंवा थांबून नंतर करायचं ठरवतात. तुमच्या वेळी काय झालं ते शेवटी विचारून घ्या.

७. हिरडीचा विषय आधीच काढा

हाडाइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. इम्प्लांटभोवती घट्ट, गुलाबी, न हलणारी हिरडी निदान २ मिलिमीटर असली तर ब्रश करताना दुखत नाही आणि जागा स्वच्छ राहते. तिथे ओठाच्या आतल्यासारखी सैल त्वचा असली की ब्रश लागतो, माणूस ती जागा टाळतो, किटण साचतं आणि सूज येते. हिरडी पातळ असेल तर पुढच्या दातापाशी धातूची करडी छटाही दिसू शकते.

उपाय म्हणजे टाळूतून हिरडीचा छोटा पातळ तुकडा घेऊन तिथे लावणं. टाळूची जखम आठवडाभर झोंबते, भाजल्यासारखी. टाळूवर बसणारी प्लॅस्टिकची पातळ प्लेट आधीच बनवून घेतली तर जेवताना खूप आराम पडतो, ती मागून घ्या. तुमच्या बाबतीत हे लागणार आहे का आणि लागलं तर केव्हा, हे योजना ठरतानाच विचारा.

८. पहिले १४ दिवस

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, थोड्या थोड्या वेळाने. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणून तिसऱ्या दिवशी आरसा बघून धसका घेऊ नका.

जोरात थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉ वापरू नका. तोंडातलं पाणी नुसतं वाकून सोडून द्या. ओठ ओढून टाके बघायचा मोह होतो, घरातले प्रत्येक जण “दाखव बघू” म्हणतात. कोणालाही दाखवू नका. टाके ताणले की जखम उघडते, आणि जखम बंद राहणं हाच ग्राफ्टचा अर्धा विजय आहे.

कोमट पेज, गुरगुट्या भात, पातळ मुगाची खिचडी, ताक, शिऱ्यासारखं मऊ. भाकरीचे कडक काठ, चिवडा, शेंगदाण्याचं कूट, तीळ, डाळिंब, पेरूच्या बिया पूर्ण बंद. हे बारीक कण टाक्यांत जाऊन बसतात आणि काढायला जीभ सारखी तिकडे जाते. जुनी कवळी असेल तर डॉक्टरांनी आतून कोरून दिल्याशिवाय घालू नका, तिचा दाब थेट नव्या हाडावर येतो.

क्लोरहेक्सिडीनचं औषध सांगतील तितकेच दिवस वापरा. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाने ते वाढतात, पण सफाईत निघतात. टूथपेस्ट आणि हे औषध यांत अर्धा तास अंतर ठेवा.

सायनस लिफ्ट झालं असेल तर नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. विमानप्रवास कधी करायचा ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एखाद-दोन दाणे तोंडात आले तर चालतं. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी फोन करा: भुलेचा असर उतरायची वेळ टळून गेल्यावरही ओठ-हनुवटी बधिर असणं, दाबूनही न थांबणारं रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, ताप, पू, पांढरं मेम्ब्रेन उघडं दिसणं, पाणी पिताना ते नाकातून येणं.

९. वाट बघायचे महिने

खड्ड्यात भरलेल्या ग्राफ्टला साधारण ३ ते ६ महिने, मोठ्या सायनस लिफ्टला ६ ते ९ महिने, आणि त्यानंतर इम्प्लांट हाडात रुजायला पुन्हा ३ ते ६ महिने. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमची इम्प्लांट बसवली. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे ३ आणि वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने थांबत, कारण वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं. आज पृष्ठभाग सुधारले आहेत, वेळ काही ठिकाणी कमी झाला आहे, पण भरलेलं हाड तुमच्या घाईने पिकत नाही. घरात लग्न आहे म्हणून टोपी लवकर बसवा असा आग्रह धरू नका. समारंभासाठी तात्पुरता दात मिळतो, तोच मागा.

परदेशातून सुट्टीवर येऊन हे काम करणाऱ्यांनी एका सुट्टीचा बेत आखू नये. ग्राफ्ट लागत असेल तर महिन्यांच्या अंतराने निदान दोन, कधी तीन खेपा धरा, आणि तुम्ही राहता तिथे त्या कंपनीचे सुटे भाग मिळतात का ते आधी बघा.

१०. खर्च आणि कागद

एकच गोळाबेरीज आकडा स्वीकारू नका. स्कॅन, ग्राफ्ट, मेम्ब्रेन, पीआरएफ, इम्प्लांट, इम्प्लांट आणि टोपी यांच्यामधला जोड, टोपी, हिरडीचं काम, तात्पुरता दात, प्रत्येकाची वेगळी ओळ लिहून मागा. ग्राफ्ट बाटलीवर विकलं जातं, म्हणून किती बाटल्या धरल्या आहेत आणि जास्त लागल्या तर काय, हेही विचारा. ग्राफ्ट फसलं तर पुन्हा करण्याचा खर्च कोणाचा, हा प्रश्न आधी विचारला तर सरळ उत्तर मिळतं. आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा धरत नाहीत. दात अपघातात गेला असेल तर पॉलिसीतलं कलम नीट वाचा.

ग्राफ्ट, मेम्ब्रेन आणि इम्प्लांट या तिन्हींच्या वेष्टनावर लॉट नंबरचं स्टिकर असतं. त्याची एक प्रत तुमच्या फायलीत हवीच. दहा वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला आणि तुम्ही दुसऱ्या गावी असाल, तर कुठला स्क्रूड्रायव्हर बसेल हे त्या स्टिकरवरूनच कळतं.

११. टोपी बसल्यानंतर

टोपी बसल्या दिवशी त्या जागेचा एक एक्सरे काढून घ्या आणि जपून ठेवा. पुढे हाड खाली गेलं का, हे याच्याशी ताडूनच समजतं. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीचं हाड पायोरियासारखंच झिजू शकतं, आणि बऱ्याचदा न दुखता. रोज रात्री फटीत फिरवायचा छोटा ब्रश वापरा. त्याचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या, फार जाड किंवा फार बारीक उपयोगाचा नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी. ब्रश करताना त्या जागी रक्त आलं तर सहा महिन्यांची वाट न बघता आधीच जा. रात्री दात खात असाल तर झोपताना घालायचं गार्ड बनवून घ्या.